फास्टर फेणे आमच्या पटावर

उदगीरच्या शाळेत आठवीची हजेरी घेताना मला एक रिकामा चाळा लागला आहे. पुस्तकांतली मुले या पटावर आली, तर ती कुणाशेजारी बसतील, असा विचार मी करत राहतो. कर्नाटक आणि तेलंगणाची हद्द जवळ असल्यामुळे एकाच वर्गात घरी कानडी, तेलुगू, दखनी आणि बंजारा तांड्यावरची गोरमाटी बोलणारी मुले असतात. मैदानावरची भांडणे मात्र अस्सल मराठवाडी मराठीत होतात.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे इथे बुजणार नाही, कारण फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आला तेव्हा तोही नवखाच होता. सायकलवरून तो साऱ्या गल्ल्या पालथ्या घालील, पण "टॉक्" करून रहस्याच्या मागे लागला, की "काय हुडकायलास रे?" असे विचारून कोणीही त्याला उत्तर आयतेच सांगून टाकील, कारण इथे कोणाचे काय चालले आहे हे टपरीवर आधीच कळलेले असते. त्याला खरे कोडे पडेल ते दिवाळीच्या सुट्टीनंतर, जेव्हा मागचे बाक ओस पडलेले असतील आणि त्याची काळजी कोणाच्याच चेहऱ्यावर दिसणार नाही. माग काढत तो तांड्यावर पोहोचेल, तेव्हा बहुतेक घरांना कुलूप असेल. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊसतोडीला गेलेली असतात, आणि बरीच मुलेही त्यांच्याबरोबर कारखान्याच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांत, राहायला जातात. आरोपी सापडला नाही म्हणून फेणे पहिल्यांदाच हात हलवत परतेल, असे मला वाटते.

साने गुरुजींच्या श्यामविषयी माझी अटकळ आधी वेगळी होती. इतका हळवा मुलगा मधल्या सुट्टीत टिकणार नाही, असेच कोणीही म्हणेल. पण शिक्षणासाठी घर सोडून औंधला गेलेल्या, हाताने रांधून खाल्लेल्या या मुलाला ऊसतोडीच्या काळात मागे राहिलेल्या मुलांसाठीच्या आमच्या हंगामी वसतिगृहातली पोरे लगेच आपला मानतील. फरक इतकाच की श्यामने शाळेसाठी घर सोडले आणि इथे घरच मुलांना मागे ठेवून निघून जाते. अडचण येईल ती पोषण आहाराच्या पंगतीत. म्हाताऱ्या महारणीला मोळी उचलून द्यायला आईनेच त्याला पाठवले होते, पण परत आल्यावर आंघोळही करायला सांगितले होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या आठवणीतली माया मोठी आहे, यात शंका नाही. तरीही एकाच पातेल्यातली खिचडी खाल्ल्यावर आंघोळीला जाण्याची सवलत आमच्याकडे नाही. श्याम दोन दिवस अवघडेल आणि तिसऱ्या दिवशी वाढायला उभा राहील.

मुलींची नावे आठवू लागलो, की ताम्हनकरांच्या चिंगीपाशीच मी अडखळतो. पटावर मात्र अशी एक मुलगी हमखास असते, जिचे आईबाप फडात आहेत, आजीला दिसत नाही, धाकट्या भावांच्या भाकरी थापून ती शाळेत येते आणि गणितात सर्वांच्या पुढे असते. तिच्यावर अजून कोणी पुस्तक लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही, आणि तिला त्याची फिकीरही नाही. तिच्या बाकावर जागा मागायला हे दोघे गेले, तर श्यामला ती आधी पीठ मळता येते का ते विचारील, आणि फेणेची सायकल दिसताच तिच्या दोन्ही बाजूंना घागरी अडकवून त्याला हापशाकडे पिटाळील.