वेळावदरला जाताय? नीलगायीसाठी वेळ राखून ठेवा

भावनगरजवळच्या वेळावदर राष्ट्रीय उद्यानात बहुतेक जण काळविटांसाठी येतात. त्यांचे कळप फाटकापासूनच दिसू लागतात, शोधावे लागत नाहीत. मी मात्र आशियातल्या या सर्वांत मोठ्या कुरंगासाठी (अँटिलोपसाठी), नीलगायीसाठी गेलो होतो.

उद्यान जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं, सपाट आणि गवताळ. फाटक उघडताच आत जा. ऊन चढलं की नर वेड्या बाभळीच्या आडोशाला जातात आणि दीड-दोनशे किलोचं जनावरही दिसेनासं होतं. निळसर राखाडी रंग आणि वीतभर शिंगं फक्त नराला. मादी आणि पिल्लं भुरकट. गळ्यावरचा पांढरा डाग आणि मानेवरची आयाळ दोघांनाही असते.

आम्हाला दोन नरांची झुंज दिसली. पुढचे गुडघे जमिनीला टेकून माना एकमेकांवर रेटत होते. असं काही दिसलं तर गाडी लांबच उभी करून इंजिन बंद करा, नाहीतर दोघंही उधळतील.

वाटेत लेंड्यांचे मोठे ढीग दिसतील, तिथे जरूर थांबा. नीलगायी पुन्हा पुन्हा त्याच जागी लेंड्या टाकतात. वेड्या बाभळीच्या शेंगा त्या आवडीने खातात, त्यातल्या बिया ढिगात रुजतात आणि परक्या झाडाचं झुडूप गवतात पाय पसरतं. माळ वाचवायचा तर या गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

नीलगाय भारतात, नेपाळच्या तराईत आणि पाकिस्तानच्या सीमावर्ती भागात आढळते. बांगलादेशातून ती नाहीशी झाली. दाट जंगल तिला मानवत नाही. झुडपं, माळ आणि शेतं एकमेकांना लागून असतात तिथे ती टिकते. म्हणूनच उद्यानाबाहेरच्या पिकांतही ती शिरते. आसपासच्या शेतकऱ्यांशी बोलाल तर आधी त्यांचं नुकसान ऐकून घ्या, कौतुक नंतर.

साधारण १६ जून ते १५ ऑक्टोबर उद्यान बंद असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. संध्याकाळी हॅरियर पक्षी गवतात मुक्कामाला उतरतात, तेही बघून होतं. दुर्बीण, ओळखपत्र आणि पाणी जवळ ठेवा. राहायच्या सोयी मोजक्याच, त्यामुळे आधी नोंदणी करा किंवा भावनगरला मुक्काम करा. परतताना अंधार पडला तर गाडी हळू चालवा: एक नीलगाय रस्ता ओलांडून गेली, तरी मागून आणखी येत असतात.