पुतणीले नागपूरच्या होस्टेलवर सोडून आलो

आज तिच्या कॉलेजात नव्या पोरापोरींसाठी सुरक्षेचा कार्यक्रम होता, पालकांनाही बसू दिलं. मले वाटलं, नेहमीसारखं 'सातच्या आत रूमवर या' एवढंच सांगतील. पण बोलणाऱ्या मॅडमनं कपड्यांवर एक शब्द काढला नाही. आधी पोरांनाच विचारलं, पोरीचा पाठलाग करणं गुन्हा आहे हे किती जणांना माहीत? मागच्या बाकांवरचे पोट्टे खाली पाहत बसले.

मग झिरो एफआयआर. घटना कुठंही घडो, कोणत्याही ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते, 'आमची हद्द नाही' म्हणता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे पोलीस तपासाच्या नव्या कायद्यात, कलम १७३ मध्ये, हे लिहूनच टाकलंय. आमच्याकडं कापूस चोरीले गेला तरी लोक दोन ठाण्यांत हेलपाटे मारतात बाप्पा! कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असते, प्रकरण विद्यार्थ्यांचं असलं तर तिच्यात तीन विद्यार्थीही बसतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. हे मलेही नवीनच.

कराटेचे दोन डावही झाले. टाळ्या त्यालेच जास्त, पण अर्ध्या तासात कोण कराटे शिकतं?

परतीच्या एसटीत वहिनी म्हणे, "भाऊजी, हे आपल्या गावच्या शाळेत काहून नाही सांगत? आपल्या पोरी आठवीपासून एसटीनं तालुक्याले जातेत, त्यांना कोण सांगन?"

सोमवारी हेडमास्तरांशी बोलतो. तोवर तातडीच्या मदतीचा ११२ आणि रॅगिंगसाठीचा १८००-१८०-५५२२ पोरांच्या फोनमध्ये टाकून द्या.