25 जानेवारीची सभा

संक्रांत झाली की आमच्या गावात बायकांचं एकच विचारणं असायचं, "सभा कवा हाय?" हळदीकुंकू कधी, असं कुणी विचारायचं नाही. महिला मंडळाचं हळदीकुंकू आणि महिला ग्रामसभा एकाच दिवशी, 25 जानेवारीला. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन आणि मोठी ग्रामसभा. त्याआधी बायकांची सभा झालीच पाहिजे आणि तिथले ठराव मोठ्या सभेपुढे आलेच पाहिजेत, असा 2003 पासूनचा कायदा.

पहिली दोन-तीन वर्षं सभा कागदावरच झाली. रजिस्टर दारोदार फिरायचं, बायका पिठाच्या हातानं सह्या-अंगठे करायच्या, संपलं. हे मोडलं मंडळाच्या आक्कांनी. त्यांनी सांगून टाकलं, वाण लुटायचं ते सभेतच, घरपोच कुणाला मिळणार नाही. त्या वर्षी वाणाला चाळण्या होत्या. शाळेच्या पटांगणात सतरंज्या पुरल्या नाहीत, मागच्या बायका खताची पोती अंथरून बसल्या.

मी तेव्हा आठवीत. आम्हा मुलींकडे तिळगुळाच्या ताटल्या आणि स्वागतगीत. ग्रामसेवक भाऊसाहेब प्रोसिडिंग, म्हणजे सभेची नोंदवही, उघडून बसले, आणि बराच वेळ कुणी बोलेच ना. पदर तोंडाला. शेवटी मजुरीला जाणारी एक मावशी उठली. "पोरीला एसटीचा पास फुकट हाय म्हंता. पन सकाळची गाडीच न्हाई, तर पास घिऊन काय करायचं?" अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती पासाची योजना मला तोवर शाळेच्या फळ्यावरच्या सूचनेपुरती माहीत होती. मावशीचं बोलणं संपेस्तोवर चार जणी उभ्या राहिल्या होत्या. सूचक मावशी, अनुमोदक माझी आई. आईचं नाव कुणी मोठ्यानं वाचलेलं मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवशी. जूनमध्ये गाडी सुरू झाली तेव्हा निम्मं मंडळ नारळ घेऊन स्टँडवर हजर होतं, आणि आम्ही सात मुली खिडकीपाशी बसायला भांडत होतो.

पुढची सगळी वर्षं मला वाणावरून आठवतात. स्टीलच्या डब्यांच्या वर्षी घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावायचा विषय निघाला. बाबांनी आठवड्यात अर्ज दिला आणि आईचं नाव असलेला घरठाणाचा उतारा ट्रंकेत तिच्या शालूखाली जाऊन बसला. गाळण्यांच्या वर्षी आक्कांनी पंचायतीला विचारलं, उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात, ते कुठं गेले? हिशेब पुढच्या सभेत वाचून दाखवला गेला. नंतर 50 टक्के आरक्षण आलं, सरपंच बाई झाल्या. पहिल्या वर्षी खुर्चीशेजारी त्यांचे मालक येऊन बसले, तर आक्का शांतपणे म्हणाल्या, "दाजी, ही बायकांची सभा."

या सगळ्यात माझी काकी कुठं असायची? चुलीपाशी. मसालेभात तिच्या हातचा. काका गेले तेव्हा ती 26 वर्षांची होती. करंडा फिरायला लागला की ती भांडी घासायला हौदाकडे जायची. मीच कितीदा तो करंडा घेऊन तिच्यावरून पुढे गेले असेन. त्याचं आज फार वाईट वाटतं.

मे 2022 मध्ये आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं नको, बांगड्या फोडणं नको, मंगळसूत्र तोडणं नको. राजर्षी शाहूंचं ते स्मृतिशताब्दी वर्ष. त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हेच करावं, असं शासनानं परिपत्रक काढलं. पुढच्या जानेवारीत तो विषय आमच्या सभेत आला. दोघी म्हाताऱ्या नाराज होऊन उठून गेल्या. बाकीच्यांनी हात वर केले आणि आक्का करंडा घेऊन थेट हौदापाशी गेल्या. काकीनं हात जोडले. "आता न्हाई वो सवय. राहू द्या." कुणी बळजबरी केली नाही, ते बरं केलं. नुसतं वाण तिच्या पदरात घातलं, 31 वर्षांत पहिल्यांदा.

मी अजून पुण्याहून त्या दिवसासाठी रजा टाकून जाते. गेल्या खेपेला भात दुसऱ्या कुणीतरी केला होता, किंचित खारट. काकी दुसऱ्या रांगेत बसली होती, कपाळ मोकळंच. स्टँडच्या वाटेवरचा दिवा तीन महिने बंद आहे, पोरी अंधारात येतात, असं ती उभी राहून म्हणाली. भाऊसाहेबांनी विचारलं, "सूचक कोण लिहू?" काकीनं आपलं नाव सांगितलं आणि ते नीट लिहिलंय का, हे बघायला टेबलापर्यंत गेली.