कठड्यावरचे ९०० एलईडी: मिचमिच कुठून येत होती

गच्चीच्या कठड्यावरची पट्टी आता पूर्ण १५ मीटर झाली. नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या घराची दर्शनी बाजू तेवढीच आहे. ५-५ मीटरचे तीन रोल, मीटरला ६० एलईडी, म्हणजे ९०० पिक्सेल (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येतो). पट्टी ५ व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी, ती चालवायला ईएसपी३२ हा छोटा वायफाय कंट्रोलर आणि त्यावर डब्ल्यूएलईडी हे सॉफ्टवेअर. दिवाळीआधी सगळं एक्सलाइट्स या कॉम्प्युटरवरच्या लाइट-शो सॉफ्टवेअरवरून चालवायचं आहे.

मागचे तीन आठवडे मिचमिचण्यात गेले. आधी एकच रोल लावला होता. रात्री ब्राइटनेस कमी केला की पट्टीभर मधूनच भलतेच रंग चमकून जायचे आणि पूर्ण पांढरा लावला की एकदम शांत. आईनेही विचारलं, "काहून रे, हे लाइट असे मिचमिच करून राहिले?" मला वायफायचा संशय होता, म्हणून राउटर खाली हॉलमधून जिन्यात आणला. काही फरक नाही.

दुसरीकडे पूर्ण पांढऱ्यावर शेवटचा मीटरभर भाग केशरी दिसत होता. हे मात्र ओळखीचं दुखणं. मल्टिमीटर लावला तर पट्टीच्या सुरुवातीला ४.५ व्होल्ट आणि टोकाला ३.६. निळ्या आणि हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी ते मंदावतात आणि लाल उरतो. एसएमपीएसपासून (पट्टीच्या पॉवर सप्लायपासून) आलेली दोन मीटरची वायर बारीक होती. बर्डीच्या बाजारातून जाड, अडीच एमएमची आणली, बाकीचे दोन्ही रोल जोडले आणि सुरुवात, दोन्ही सांधे आणि शेवट अशा चार ठिकाणी पॉवर दिली, प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज. सुरुवातीला आता ४.९५ व्होल्ट. पांढरा टोकापर्यंत पांढराच.

आणि मिचमिच वाढली! आता तर पूर्ण ब्राइटनेसवरही.

इथेच कोडं सुटलं. डेटाशीटप्रमाणे या पिक्सेलला डेटाचा सिग्नल हाय (म्हणजे १) समजायला स्वतःच्या पुरवठ्याच्या निदान ७० टक्के व्होल्टेज लागतं. ४.५ चे ७० टक्के म्हणजे ३.१५, ईएसपी३२ चे ३.३ व्होल्ट तिथे पुरत होते. ४.९५ चे होतात जवळपास ३.४७, तिथे कमी पडतात. ब्राइटनेस कमी असताना करंट कमी, वायरमधली घट कमी, म्हणून पहिल्या पिक्सेलला जवळपास पूर्ण ५ व्होल्ट मिळत होते आणि तेव्हाच तो चुकत होता. म्हणजे बारीक वायरच इतके दिवस दोष झाकून होती. पहिला पिक्सेल चुकीचं वाचतो आणि तेच पुढे ढकलतो, त्यामुळे बिघाड पट्टीभर दिसतो.

उपाय म्हणून सिग्नलचं व्होल्टेज वाढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप ५ व्होल्टवर चालवली. तिला २ व्होल्ट आले तरी हाय कळतो आणि ती पुढे ५ व्होल्टचा सिग्नल देते. ईएसपी३२ शेजारीच बसवली, डेटा वायरमध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर टाकला, ग्राउंड सगळ्यांचा एक केला. त्या रात्री तासभर कठड्याशी उभा राहून एकेक पिक्सेल पाहिला. एकही चुकला नाही. फार बरं वाटलं.

डेटाची एकच लांब माळ मात्र ठेवली नाही. एका पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ९०० ला २७ मिलिसेकंद. एक्सलाइट्समध्ये मी २५ मिलिसेकंदांची फ्रेम ठेवली आहे, म्हणजे दर २५ मिलिसेकंदांनी सगळे रंग नव्याने पाठवायचे, त्यात हे मावत नाही. तीन पिनांवर ३००-३०० वाटले, ९ मिलिसेकंदांत काम होतं. त्यासाठी त्याच चिपचे आणखी दोन गेट (सिग्नलच्या वेगळ्या वाटा) वापरले. कॉम्प्युटरवरून रंगांचा डेटा नेटवर्कवर पाठवायच्या ई१.३१ या पद्धतीत एका युनिव्हर्समध्ये (डेटाच्या एका गठ्ठ्यात) १७० पिक्सेल, म्हणजे सहा युनिव्हर्स लागले असते. डीडीपी या दुसऱ्या पद्धतीत एका फ्रेमला दोनच पॅकेट जातात. वायफायवर चालवणार असाल तर डीडीपीच घ्या.

पॉवरचं गणित: पूर्ण पांढऱ्यावर पिक्सेलला ६० मिलिअँपिअर धरले तर ५४ अँपिअर. माझा एसएमपीएस ४० चा आहे, म्हणून डब्ल्यूएलईडीमध्ये मर्यादा ३० वर लावली आहे. रोजच्या वापरात तिथवर जातच नाही.

कोजागिरीला गच्चीवर दूध आटवताना मंद पिवळा लावला होता. ब्राइटनेस २५५ पैकी ३०, जिथे आधी सगळ्यात जास्त चुकायचं. आई दूध ढवळत होती, लाइटबद्दल तिने काहीच विचारलं नाही.

आता दुसऱ्या सांध्याला सिलिकॉन भरायचं आहे, तिथे परवाच्या पावसाचं पाणी दिसलं. मग सिक्वेन्सिंग, म्हणजे कुठला पिक्सेल कधी कसा पेटेल ते ठरवणं.