डाव्या हाताचा मळ

एखादं काम अगदीच सोपं असलं की आपण म्हणतो, हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ. हा वाक्प्रचार ज्याने काढला, त्याने डाव्या हातात उघडा वस्तरा धरून स्वतःची दाढी कधी केलेली नसणार. मी आरशासमोर उभा होतो, डाव्या गालावरचा फेस सुकत चालला होता आणि हातातली पाच बोटं कुणाकडून तरी तासाभरासाठी उसनी आणल्यासारखी वागत होती.

उजवा गाल दहा मिनिटांत उरकला होता. फार देखणा नाही, पण उरकला होता. घोडं डाव्यापाशी अडलं. उजवाच हात पलीकडे न्यावा म्हटलं, तर मनगट नाकासमोर येतं आणि आरशात वस्तऱ्याऐवजी स्वतःचं कोपर दिसतं. न्हावी गिऱ्हाइकाभोवती फिरतो. आपल्याला आपल्याभोवती फिरता येत नाही. म्हणून शिकताना सांगतात, उजवा गाल उजव्या हाताने, डावा डाव्याने. ज्या हाताने आजवर घड्याळ बांधून घेण्यापलीकडे फारसं काही केलेलं नाही, त्याच्या हाती सात सेंटिमीटरचं पोलादी पातं. माकडाच्या हाती कोलीत, दुसरं काय!

हे खूळ डोक्यात शिरलं त्याला फार थोर कारण नव्हतं. तीसेक वर्षं मी रोज दाढी करतोय आणि त्यातली एकही मला आठवत नाही. एकदा कामावर पोचल्यावर हनुवटीवरून हात फिरवून बघितला, आज केली की राहिली? केलेली होती. कधी, कशी, त्या वेळी मी कुठे होतो, काही पत्ता नाही. तेव्हा वाटलं, असं काहीतरी हातात घ्यावं जे आपल्याला झोपू देणार नाही.

मिळाला तो वस्तरा जुना होता. पात्याच्या मागे जी बाकदार शेपटी असते, जिच्यावर करंगळी टेकवायची, तिच्या अलीकडे ‘झोलिंगन’ असं कोरलेलं. हे जर्मनीतलं पात्यांचं गाव. दुसरीकडचा माल त्या नावावर खपू नये म्हणून १९३८ साली तिथे कायदाच झाला. माझा वस्तरा आरशासारखा लखलखत होता. एवढा चमकतोय म्हणजे कापणारच, असं धरून चालून मी तो गालावर ठेवला आणि इंचभर खाली ओढला. केस कापले गेले नाहीत. एकेकाला दंडाला धरून बाहेर काढल्यासारखं झालं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. बिनपाण्याची हजामत म्हणतात ती भरपूर पाणी लावूनही होऊ शकते, हे त्या दिवशी कळलं. लकाकी पॉलिशची होती. धार कितीतरी वर्षांत कुणी लावलेलीच नव्हती.

मग एका जाणत्या माणसाकडून ती लावून घेतली आणि शेजारी बसून बघितली. वस्तऱ्याच्या साऱ्या व्यवहारात मला हा भाग सर्वांत आवडला. सुरीला धार लावताना कोन आपल्याला हाताने सांभाळावा लागतो. वस्तरा दगडावर सपाट आडवा टाकायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. जाड पाठ पात्याला जितकं उचलून धरते, तितकाच कोन. वर्षानुवर्षं घासून धार झिजते तशी पाठही झिजते आणि कोन जवळपास तोच राहतो. म्हणजे मोजपट्टी पात्याच्या अंगातच बसवलेली. आधी १००० नंबरचा दगड, मग चढत चढत ८००० आणि त्याच्याही पुढे. शेवटच्या दगडावर तर काही घडतंय असं दिसतसुद्धा नव्हतं. फक्त दगडावरचं पाणी धारेच्या पुढे पुढे सरकत होतं.

दगड काही महिन्यांतून एकदा. रोज दाढीआधी असतो तो चामड्याचा पट्टा. दगडावर धार पुढे जाते, पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागून. टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवर कूस बदलतो आणि उलटा परत येतो. अशा चाळीस-पन्नास फेऱ्या. पडद्यावर सटासट परजणारे हात आपण सगळ्यांनीच बघितलेले असतात, आणि तिथेच घात होतो. चौथ्या दिवशी मलाही वाटलं, जमलं की! सातव्या-आठव्या फेरीला वस्तरा पाठीऐवजी धारेवर वळला आणि पट्ट्यात अर्धचंद्रासारखी खाप पडली. नवशिक्या पहिला पट्टा कापतोच, म्हणून तो साधासुधा घ्यावा, हे मला बजावून सांगितलेलं होतं. तो सल्ला इतर नवशिक्यांसाठी आहे अशी माझी समजूत होती.

परजायचं काम निदान उजव्या हाताचं. डाव्यासाठी मी फुगे आणले. फुगा फुगवायचा, त्याला ब्रशने फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस काढायचा. पहिला फुगा फेसासकट तोंडावर फुटला. दुसराही. बाहेरून बायकोने विचारलं, “अरे, दाढी करतोयस की वाढदिवस?” तिसरा मात्र टिकला. फुग्याशी डावा हात एक गोष्ट शिकला: वस्तरा दाबायचा नसतो. त्याचं वजन त्याला पुरतं. आपण फक्त रस्ता दाखवायचा. इतकी वर्षं वापरलेल्या साध्या रेझरने उजव्या हाताला दाबायचीच सवय लावून ठेवली होती. डाव्याला कसलीच सवय नव्हती, त्यामुळे मोडायलाही काही नव्हतं.

कोनाचा हिशेब असा. पातं गालावर आडवं टेकवायचं आणि मग पाठ साधारण तीस अंशांपर्यंत उचलायची. त्याहून खाली राहिली तर केस ओढले जातात, फार वर गेली तर कातडी खरवडते. पण खरी भीती तिथे नाही. पातं धारेशी काटकोनात, म्हणजे पुढे सरकतं तोवर ते फेस आणि केसच उचलतं. तेच जरा आडवं, धारेच्याच दिशेने सरकलं, अगदी दोन-तीन मिलिमीटर, तर ते सुरी होतं. सुरी जे करते ते करतं. मागाहून आरशात लाल रेघ उमटेपर्यंत कळतसुद्धा नाही, इतकं सफाईने.

ही जोखीम नको होती म्हणूनच तर जिलेट आला. किंग कँप जिलेटने १९०१ साली फेकून देता येणाऱ्या पात्याच्या रेझरच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला. आपल्या हातातला वस्तरा ज्यांनी आनंदाने खाली ठेवला असेल त्या साऱ्यांबद्दल मला डाव्या गालावर पोचलो की रोज आदर वाटतो.

आणि तरी वस्तरा असा काही अजिंक्य नाही. पोलादाहून ५० पट मऊ असलेल्या केसाने पातं बोथट कसं होतं, हे कोडं अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी सोडवलं. २०२० साली ते ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत छापून आलं. त्यांच्यातल्या एकाने साध्या रेझरने स्वतःची दाढी करून त्याची पाती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पुन्हा पुन्हा बघितली. धार हळूहळू घासून गोल होत असेल असं आपल्याला वाटतं, पण दिसले ते बारीक टवके. केस पात्यापुढे वाकतो, आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे धारेचा कण उडतो. केसाने गळा कापणं आपल्याकडे फार जुनं. केसाने पोलाद कापतं, हे नवीन ऐकलं.

गळ्यावरून आठवलं. गळ्यावर मी तिसऱ्या आठवड्यात उतरलो. तोवर गाल वस्तऱ्याने आणि उरलेला मुलूख जुन्या रेझरने, अशी मिश्र राजवट होती. गळ्याच्या आधी केसांचा कल बघावा म्हणतात, म्हणजे दोन दिवसांचे खुंट वाढू द्यायचे आणि बोट फिरवून ते कुठे लवतात ते पाहायचं. गालांवर ते शहाण्यासारखे खाली. उजवीकडे गळ्यावर वर. डावीकडे कंठमण्याच्या बाजूला मात्र एक भोवरा निघाला, रुपयाएवढा, चारी दिशांना तोंड केलेला. इतकी वर्षं मी त्याच्यावरून रेझर फिरवत होतो आणि तिथे आग का होते म्हणून साबण बदलत होतो.

आणि हा भोवरा अर्थातच डाव्या हाताच्या हद्दीत.

तिथे मला कान उपयोगी पडला. माझं पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं आहे, धारेपाशी इतकं पातळ की केस कापताना वाजतं. कोन बरोबर असला तर बारीक, कोरडी कुरकुर ऐकू येते. कोन चुकला की आवाज बसतो. उजव्या हाताला हे कधी ऐकावंच लागलं नाही, तो स्वतःच्या गुर्मीत चालतो. डावा थांबतो, ऐकतो, बोटभर पुढे जातो. उजव्या हाताने डोक्यावरून वळसा घालून कानाजवळची कातडी वर ताणायची. फेसाने बोटं सटकतात, म्हणून टोकं तुरटीवर घासून घ्यायची. मग डावा पुन्हा बोटभर पुढे.

परवाची गोष्ट. दाढी करता करता मी सकाळच्या एका मीटिंगमधली उत्तरं मनात जुळवत होतो. उजव्या कल्ल्याखाली सर्रकन काहीतरी गेलं. दुखलं काहीच नाही. पांढऱ्या फेसात आधी गुलाबी ठिपका आला, मग त्याची रेघ झाली, मग ती वाहायला लागली. तुरटी ओली करून दाबून धरली, आणि तेव्हा मात्र जे झोंबलं!

बायको दारात आली. रक्त बघून म्हणाली, “तरी सांगत होते, त्या डाव्या हाताच्या नादी लागू नकोस.”

“उजव्याने कापलं,” मी म्हणालो.

तिने माझ्या दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघितलं आणि काही न बोलता घड्याळ दाखवलं. आठ वाजून गेले होते. डाव्या गालावर फेस तसाच होता. ब्रश गरम पाण्यात बुडवून मी तो पुन्हा ओला करून घेतला, वस्तरा टॉवेलला पुसला आणि डाव्या हातात दिला.