वर्गणीचं पावतीपुस्तक

नारळी पौर्णिमा झाली की आमच्या वाडीत पावतीपुस्तकं छापून यायची. गुलाबी कागद, वर गणपतीचा ठसा, खाली मंडळाचं नाव आणि खजिनदाराच्या सहीची रेघ. पावती फाडली की अर्धं पान पुस्तकात राहायचं. मी सहावीत होतो तेव्हा, १९७४ साली, ते पुस्तक पहिल्यांदा माझ्या हातात आलं. खजिनदारकाकांनी एवढंच बजावलं, "आकडा आधी अक्षरात लिहायचा, मग अंकात. आणि चार आणे दिले तरी पावती फाडायची." गिरगाव मला कळलं ते या पुस्तकामुळे. आमचं राहणं ठाकूरद्वारच्या बाजूला, शाळा चालत दहा मिनिटांवर; त्या दहा मिनिटांपलीकडच्या गल्ल्यांत शिरायला वर्गणी हे निमित्त झालं.

आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. ही नावं उगाच पडलेली नाहीत. मलबार हिलच्या पायथ्याचं हे गाव एके काळी बागांचं आणि वाड्यांचं होतं. झाडं गेली, चाळी उभ्या राहिल्या, नावं तेवढी तशीच राहिली. कांदेवाडीचा खाडिलकर रोड झाला आणि तिथे लग्नपत्रिकांची दुकानं एकाला एक लागून उभी राहिली. आमची पावतीपुस्तकंही तिथल्याच एका छापखान्यातून यायची. ती आणायला गेलं की काका आम्हाला केशवजी नाईकांच्या चाळीत घेऊन जात. "इथून सुरुवात झाली बरं का," असं म्हणून चपला काढायला लावत. १८९३ साली या चाळीत सार्वजनिक गणपती बसला आणि १९०१ मध्ये खुद्द लोकमान्य इथे येऊन गेले. उत्सव एवढा जुना, पण मूर्ती लहानशी, आणि विसर्जनाला पालखीतून जाणारी. काकांचं त्यावरचं म्हणणं मला पाठ आहे: "देव मोठा करायचा तर आरती मोठ्यानं म्हणा." निकदवरी लेनचा गिरगावचा राजा उंच, पण तोही शाडूचाच, याचाही त्यांना फार अभिमान.

खोताच्या वाडीत वर्गणी मागायला जायला आम्ही मुलं एका पायावर तयार असायचो. लाकडी जिने, पुढे ओटी, उतरती कौलं आणि घराघरांतून अंग चोरून जाणारी गल्ली. अठराव्या शतकाच्या अखेरीला दादोबा वामन खोतांनी वसवलेली ही वाडी. इथे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतली मूळची ख्रिस्ती कुटुंबं, आणि पाठारे प्रभू शेजारी शेजारी नांदले. तिथली एक मावशी दर वर्षी सव्वा रुपया द्यायची. सव्वाच का, हे तिनं कधी सांगितलं नाही, आम्हीही कधी विचारलं नाही. पैसे आतून रुमालात बांधून आणायची, पावती चष्मा लावून वाचायची आणि क्रुसाच्या तसबिरीमागे खोचून ठेवायची. मागच्या वर्षांच्या पावत्याही तिथेच दिसायच्या. नाताळात तिच्याकडून ताटलीभर कलकल, म्हणजे त्यांचा तळलेला गोड फराळ, यायची. आई ताटली रिकामी परत करायची नाही, त्यात संक्रांतीच्या आधीच तिळाच्या वड्या जायच्या.

दहा दिवसांचा कार्यक्रम ठरलेला असे. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, बायकांचं हळदीकुंकू, सत्यनारायण, मॅट्रिक झालेल्यांचा सत्कार. या सगळ्यांपेक्षा वाट पाहिली जायची ती दोन रात्रींची: एक सिनेमाची, दुसरी नाटकाची.

सिनेमाच्या रात्री वाडीच्या मधोमध दोरीवर पांढरा पडदा ताणला जाई. भाड्यानं आणलेलं प्रोजेक्टर घरघरू लागलं की त्या उजेडाच्या झोतात पावसाळी किडे फिरताना दिसायचे. पुढची जागा मोठ्यांची, म्हणून आम्ही पडद्याच्या मागे पोतं टाकून बसायचो. तिथून अक्षरं उलटी दिसत आणि सगळे नट डावखुरे. आजोबा मात्र खुर्ची घेऊन पुढे. त्यांना सिनेमापेक्षा सिनेमाच्या गोष्टी सांगण्यात रस होता. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लागला ते कोरोनेशन थिएटर गिरगावातच होतं आणि पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला आपल्याच मॅजेस्टिकमध्ये लागला, हे रीळ बदलताना ते दर वर्षी सांगायचे. आजूबाजूची माणसंही दर वर्षी नव्यानं ऐकायची.

नाटकाची तालीम गोकुळाष्टमीपासून. रात्री दहाला जेवणं आटोपली की पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बल्ब लावून वाचन सुरू होई. दिग्दर्शक पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. पण केळेवाडीतल्या साहित्य संघ मंदिरात लागलेलं नवं नाटक त्यांनी पाहिलं नाही असं व्हायचंच नाही. संघाचं ते नाट्यगृह १९६४ साली उभं राहिलं. आम्हाला पोरांना ते तिथे घेऊन जात ते नाटक पाहायला नाही, तर पडदा पडल्यावर नेपथ्य कसं उतरवतात ते पाहायला. "घाई बघा, पण आवाज बघा किती कमी," असं कानात सांगत. चाळीच्या रंगमंचासाठी बाकं जोडली जात, त्यावर फळ्या, त्यावर सतरंजी. विंगेला आजीचं नऊवारी. नऊवारीच हवं, कारण पाचवारीत उंची पुरते पण रुंदी पुरत नाही.

१९७७ च्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या ऐन मध्यावर पाऊस आला. ताडपत्री होती, तिच्या फुग्यात पाणी साचून एका कोपऱ्यातून धार लागली, आणि तेवढ्यात वाडीचे दिवे गेले. रंगमंचावर बापाचं काम करणारे काका आणि मुलीच्या भूमिकेत आमच्याच मजल्यावरची ताई. दोघंही जागचे हलले नाहीत. अंधारात कुणी उठलं नाही, शिट्टी वाजली नाही. मग तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी दोरीला बांधून कंदील खाली सोडला. दुसऱ्या गॅलरीतून दुसरा आला, मग बॅटऱ्यांचे झोत. तीन मजल्यांवरून उजेड गोळा होऊन त्या सतरंजीवर पडला आणि काकांनी अर्धवट राहिलेलं वाक्य जिथे थांबलं होतं तिथूनच उचललं. मी प्रॉम्प्टरशेजारी पुस्तक धरून बसलो होतो. पुढे साहित्य संघात, रवींद्र नाट्यमंदिरात कितीतरी चांगली नाटकं पाहिली, पण त्या वाक्याइतका अंगावर काटा मला कधी आला नाही.

विसर्जनाला सगळी मुंबई आमच्या रस्त्यानं जाते. दुपारपासून गॅलऱ्या भरायच्या, पाहुण्यांना जागा ठेवण्यासाठी चटया सकाळीच अंथरलेल्या. आमचा गणपती मात्र डोक्यावरून, लेझीम आणि टाळांच्या गजरात चौपाटीला जायचा. हीच ती वाळू, जिथे १९२० च्या ऑगस्टमध्ये लोकमान्यांना अग्नी दिला. त्यांच्या पुतळ्यापाशी थांबून काका न चुकता हात जोडायचे. भरतीच्या पाण्यात मूर्ती गेली की रिकाम्या पाटावर ओंजळभर ओली वाळू घ्यायची आणि तो पाट उघड्या डोक्यानं न्यायचा नाही, टोपी घालायची. मी दहावीत असताना पाट माझ्याकडे आला. त्यातलं खारं पाणी ठाकूरद्वारपर्यंत मानेवरून पाठीत झिरपत होतं, आणि मला वाटत होतं की हा रस्ता संपू नये.

आता आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त खोल्यांना कुलपं आहेत किंवा भाडेकरू नवे आहेत. मुलं मोठी झाली, दहा बाय बाराच्या खोलीत मावेनाशी झाली, आणि माणसं बोरिवली, डोंबिवली, विरारला गेली. शेजारच्या दोन चाळींच्या जागी टॉवर उभे आहेत. जमिनीखालून मेट्रो धावते, गिरगाव नावाचं स्टेशनही झालं, त्याचा मला आनंदच आहे. म्हाताऱ्या माणसांना दर्शनाला येणं सोपं झालं. टॉवरबद्दल माझी तक्रार एकच: त्यांना गॅलरी नसते. कंदील सोडणार कुठून? आणि डीजे लावणाऱ्या मंडळांना मी तोंडावर सांगतो की लेझीम शिका, मी शिकवतो.

गेल्या गणपतीत पावत्या मोबाईलवर निघाल्या, तरी आम्ही एक छापील पुस्तक ठेवलंच. खोताच्या वाडीत आता त्या मावशीची नात पैसे देते. रक्कम वाढली आहे, पण शेवटी सव्वा असतोच, आणि पावती कागदाचीच लागते. विसर्जनानंतर पाट परत आला, वाळूवर आरती झाली, जिन्यात उभ्या उभ्या द्रोणातली वाटली डाळ संपली. मग विरारकरांनी झोपलेली पोरं खांद्यावर घेतली आणि पुढच्या वर्षी नाटक कुठलं बसवायचं यावर वाद घालत सगळे चर्नी रोडच्या दिशेनं निघाले.