'द लॉटरी' परत वाचताना

अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी' ही गोष्ट 1948 च्या जूनमध्ये 'न्यूयॉर्कर' या नियतकालिकात आली आणि वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडला, बरेचजण चिडलेलेच होते. (वाचली नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.)

टायटल बघूनच आपण गंडतो, कारण लॉटरी म्हटलं की कोणाला तरी काहीतरी लागणार असंच वाटतं. त्यात 27 जूनची छान उन्हाची सकाळ, फुलं, हिरवं गवत, पोरं दगड गोळा करतायत, बायका गप्पा मारतायत. निवेदकाचा टोन अगदी ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिल्यासारखा कोरडा, आणि शेवटी लॉटरीत जिची चिठ्ठी निघते तिच्यावर गावकऱ्यांची दगडफेक सुरू होते तेव्हाही तो आवाज चढवत नाही. भीती वाटते ती यामुळेच, रक्ताचं वर्णन केलं असतं तर एवढी वाटली नसती असं मला तरी वाटतं.

आता टेसी, म्हणजे जिच्यावर ही दगडफेक होते ती बाई. सगळे तिला बिचारी म्हणतात, पण नीट बघा ना, ती भांडी घासून उशिरा येते, हसतखेळत गर्दीत घुसते, नवऱ्याला चिठ्ठी काढायला पिटाळते, आणि चिठ्ठी आपल्याच घरावर आल्यावर मग तिला हा अन्याय वाटायला लागतो. वर घरातला एक माणूस निवडायच्या पुढच्या चिठ्ठीत लग्न झालेल्या पोरीलाही धरा म्हणते, म्हणजे स्वतःचा धोका तेवढाच कमी! दुसऱ्या कोणाचं नाव निघालं असतं तर हिनेही दगड उचललाच असता.